वाचून दाखवलेले पत्र

सोलापूर
६ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजा हिस गुरुशांतमामाचे सप्रमाण व सटीप आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. दूरध्वनीवर भाचरांशी बोलायचे नाही हा माझा नियम तू अजून पाळतेस, याबद्दल प्रस्तुत संस्कृतशिक्षक तुझा ऋणी आहे. आता विषयप्रवेश. साखरपुड्याला तीन आठवडे झाले. शिवयोगी तुला रविवारी मोटारीतून फिरायला नेतो. मागल्या खेपेस त्याने हात धरला, तू सोड म्हणालीस, त्याने सोडला नाही. मित्राच्या शेतघरावर चल असा हट्ट धरला. तू नाही म्हणालीस, तर दोन दिवस अबोला. एतावता, तुला त्याच्याबरोबर पुन्हा जायचे नाही आणि हे स्थळ पुनर्विचारार्ह वाटते.

बाळे, नियोजित वराने वधूचा हात धरणे यास शास्त्रकार पाणिग्रहण म्हणतात. गृहस्थाने मुहूर्ताची वाट पाहिली नाही, एवढाच काय तो दोष. तुझ्या वडिलांच्या माघारी तुझे लग्न जुळवण्याचे धर्मकृत्य मी शिरावर घेतले. ते तुझ्या संकोचापायी मोडावे काय? काल तुझे भावी सासरे गुरुराज चहाला आले होते. त्यांना तुझे पत्र साभिनय वाचून दाखवले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि पोरालाही दाखवतो म्हणून खिशात घालून घेऊन गेले. तस्मात् येत्या रविवारी निःशंक जाणे.

कळावे, न कळल्यास लग्नानंतर कळेल. लोभ वृद्धिंगत करावा.

तुझा,
गुरुशांतमामा


टेंभुर्णी
१९ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

मी गेले, मामा. तुम्ही लिहिलंत, आणि आईनंही मामा म्हणतोय तर जा की म्हणून रडून घेतलं. शिवयोगी जेवायला जाऊ म्हणाला आणि गाडी शेतघराकडे वळवली. वाटेत त्यानं खिशातून माझं पत्र काढलं. मामाकडं माझी तक्रार करतीस व्हय, तुझा मामा तर हसत होता, असं म्हणाला. मी नाही म्हटलं. रडून म्हटलं, ओरडून म्हटलं. पुढं आवाजच फुटेना. त्यानं बळजबरी केली. यापेक्षा जास्त मी डॉक्टरीणबाईंना आणि पोलिसांना सांगितलं आहे. तुम्हाला सांगणार नाही.

खोलीवर परत आले तेव्हा पायल होती. आम्ही दोघी एकाच डेअरीच्या प्रयोगशाळेत आहोत आणि एकत्र राहतो. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. तुझ्यावर माझा विश्वास आहे, पुढं काय करायचं ते तू ठरव, मी बरोबर येते, एवढंच म्हणाली. मी ठरवलं. आंघोळ करावीशी फार वाटत होती, केली नाही. कपडे कागदी पिशवीत घातले आणि आधी सरकारी दवाखाना गाठला. तपासणी झाली, औषधं दिली. दुसऱ्या दिवशी फिर्याद दिली.

आई आली ती भांडायलाच. लगीन तर होणारच हाय, मग चौकीत जाऊन अब्रू कशाला घालवतीस म्हणाली. ते लोक आठ दिवसांत अक्षता टाकायला तयार आहेत, हे तिनं मला आनंदाची बातमी असल्यासारखं सांगितलं.

शिवयोगीचं म्हणणं आहे की सगळं माझ्या मर्जीनं झालं, मी आधी कधी कशाला नाही म्हटलंच नव्हतं. म्हटलं होतं, मामा. लिहून म्हटलं होतं. ते पत्र आता त्यांच्याकडं आहे, म्हणजे नाहीच. त्यांच्याशिवाय ते वाचलेले तुम्ही एकटेच. ठाण्यात येऊन सांगाल का? त्या पत्राचं तुम्ही काय केलंत, तेही सांगावं लागेल. आई म्हणते, मामा लई हुशार हाय, असल्या भानगडीत पडणार न्हाय.

लोभ आहे की नाही, ते तुमच्या येण्या-न येण्यावरून समजेन.

ऋतुजा


सोलापूर
२४ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजास,

आशीर्वाद देण्याची माझी पात्रता तपासाधीन आहे. तूर्त नुसते पत्र.

तुझे पत्र वाचताच मी उत्तर लिहिले होते. त्याचे पहिले वाक्य, तू गाडीत बसलीसच कशाला, असे होते. तू बसलीस, कारण मी बैस असे लिहिले होते. ते उत्तर फाडले.

गुरुराजांकडे जाऊन तुझे पत्र परत मागितले. कसले पत्र, असे त्यांनी विचारले, आणि नंतर चहा विचारला. मास्तर, तुम्ही विनोदी माणूस, ठाण्यात गेलात तर गावभर हसे होईल, अशी काळजीही वाहिली. हसे होणे हा माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे, असे मी सविनय सांगितले. घरी पोचतो तो तुझ्या आईचा निरोप: ठाण्याची पायरी चढलास तर मला भाऊ नव्हता असे समजेन. गंगम्माक्का बोलते ते करते. मी आज पायरी चढलो.

जबाबाचा आरंभ मी ‘नियोजित वधूच्या स्वाभाविक संकोचास अनुलक्षून’ असा केला. टंकणाऱ्या पोलीसबाई थांबल्या. सर, साधं सांगा, पोरीनं काय लिहिलं होतं, असे म्हणाल्या. तीस वर्षे पोरांकडून समास सोडवून घेणाऱ्याला साधे वाक्य सापडेना. अखेर सांगितले: तिने हात सोड म्हटले, त्याने सोडला नाही, तिला त्याच्याबरोबर पुन्हा जायचे नव्हते. मग तुम्ही काय केलं, असे त्यांनी विचारले. मी ते मुलाच्या वडिलांना वाचून दाखवले, हसलो, पत्र त्यांना नेऊ दिले, आणि तिला जा म्हटले, असे सांगितले. त्यांनी तेही टंकले. मी खाली सही केली. निघताना त्या म्हणाल्या की आधी शंभरदा हो म्हटलं असतं तरी त्या दिवशीचं नाही पुरेसं होतं. हे एवढे मला कोणत्याही ग्रंथाविना कळायला हवे होते.

खटल्याला वर्षे लागतील म्हणतात. तारखांना मी तुझ्याबरोबर यावे, बाहेर बाकावर बसावे, की तुझ्या दृष्टीसही पडू नये, ते तू ठरव. येऊ नका असे वाटले, तर तसे एकदा लिहिणे पुरे आहे.

गुरुशांत