पाहुणा, भिंत आणि दोन काचा

३ फेब्रुवारी

सासूबाईंच्या खोलीचं दार आज लागेना. आपटलं तेव्हा लागलं. मग उघडेना! आत त्या, बाहेर मी, मधे अडून बसलेलं दार.

"अगं, ढकल!"

"ढकलतेय!"

"अशी नाही, दोन घास खाल्ल्यासारखी ढकल!"

शेवटी खांदा लावला. दार उघडलं आणि मी थेट त्यांच्या पलंगावर. त्या म्हणाल्या, "ये, बस. एवढंच राहिलं होतं."

तिथे पडल्या पडल्याच दिसली भेग. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी पलंगाच्या उशापर्यंत आलेली. बोट जात नाही, पण नख जातं. सासूबाईंनी भेगेकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीबाहेर हात केला – "तुझा पाहुणा!"

४ फेब्रुवारी

पाहुणा म्हणजे माझं रबराचं झाड. एकोणीस वर्षांपूर्वी या घरात आले तेव्हा सोबत दोन बॅगा आणि एक कुंडी. हातभर रोप, सात पानं. कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर डोकावायची आणि मला त्याची कीव यायची. नव्या घरात मी अवघडलेली, निदान यानं तरी मोकळं व्हावं! एका दुपारी कुणाला न विचारता सासूबाईंच्या खिडकीबाहेर जमिनीत लावून टाकलं. भिंतीपासून पाच फुटांवर. मोजले नव्हते. माझा अंदाज.

आता ते घराच्या वर गेलंय. खोडाला मिठी मारायला मी आणि नवरा दोघं लागतो – म्हणजे लागू, मारत कोणी नाही.

आणि मी पोटापाण्यासाठी काय करते? माहितीपुस्तिका लिहिते. मिक्सर, गिझर, वॉशिंग मशीन. 'उपकरण भिंतीपासून सुरक्षित अंतरावर ठेवावे' हे वाक्य मी आजवर चारशे वेळा तरी लिहिलं असेल. त्या कुंडीलाही एक चिठ्ठी अडकवलेली होती. मी वाचली नव्हती. कोण वाचतं!

७ फेब्रुवारी

दुष्काळात तेरावा महिना. पालिकेचा माणूस टेप घेऊन आला. आमच्या फाटकासमोरचा फुटपाथ मुळांनी उचललाय, फरशा एकमेकींवर चढल्यात. परवा तिथे कुणीतरी आपटलं म्हणे. त्यानं मोजलं – सात सेंटिमीटर.

"झाड कुणाचं?"

मी तोंड उघडायच्या आत खिडकीतून आवाज – "हिचं!"

नोटीस मिळाली. नव्वद दिवसांत फुटपाथ सपाट करा नाहीतर झाड काढा.

८ फेब्रुवारी

नवरा म्हणाला, "बघू." याचं 'बघू' म्हणजे घरातलं सर्वांत पक्कं बांधकाम. त्याला कधी तडा जात नाही.

१२ फेब्रुवारी

आज गवंडी येऊन गेले. पासष्टीचे, बारीक, कानावर पेन्सिल. अर्धा तास घराभोवती फिरले. मी मागे मागे, डॉक्टरच्या मागून नातेवाईक फिरतात तशी. शेवटी मीच विचारलं, "मुळांनी पाया फोडला का हो?"

"मूळ काही फोडत नाही ताई. ते फटीत शिरतं. फट आपली असते." मग बोटानं दाखवलं – वॉशिंग मशीनची नळी. भिंतीलगतच्या मातीत सोडलेली. "हे कुणी केलं?"

मीच! पाणी वाया जाऊ नये, झाडाला मिळावं म्हणून. अकरा वर्षं मी मुळांना पायाशी पाणी पाजतेय. 'सांडपाण्याची नळी योग्य निचऱ्यास जोडावी' – हेही माझंच वाक्य.

उपाय आहे म्हणाले. झाड आणि भिंत यांच्या मधे लांब चर खणायचा, साडेतीन फूट खोल. भिंतीकडे आलेली मुळं करवतीनं सरळ कापायची, आणि चरात जाड प्लास्टिकचे पत्रे उभे पुरायचे. मूळ तिथे अडतं, खाली वळतं. फुटपाथकडची मुळं मात्र यंदा कापायची नाहीत. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर झाड आडवं होईल. तिथे खडी घालून फरशा उतरत्या बसवायच्या.

"आणि एवढं करूनही भिंत सरकली तर?" नवऱ्यानं विचारलं.

"मग झाड काढा. माणसं झोपतात आत."

सासूबाई म्हणाल्या, "आत्ताच काढा! भिंत पडली तर माझ्यावर पडेल. यांची खोली तिकडे, मागे."

२० फेब्रुवारी

चर खणला. दोन माणसं लावली होती, पण मलाही हुक्की आली. नवऱ्याचे जुने बूट, डोक्याला रुमाल, हातात कुदळ. सात घाव. आठव्याला कुदळ मुळात अडकली आणि मी कुदळीला. एका माणसानं अत्यंत आदरानं ती माझ्या हातातून काढून घेतली. "ताई, चहाचं बघा."

मूळ कापलं की पांढरा चीक येतो. बघवेना. चहाचं बघितलं.

सासूबाई दिवसभर खिडकीत. गजांमधून हात घालून ओल्या फडक्यानं पानं पुसत होत्या – पोचतात तेवढी. रोजच पुसतात. "धूळ सगळी माझ्या खोलीत येते ना! तुला काय?" एकेक पान पुसायचं आणि माझ्याकडे बघायचं. पान पुसूनसुद्धा टोमणा मारता येतो, ही कला त्यांचीच.

२५ फेब्रुवारी

प्लास्टिकचे पत्रे बसले, चर बुजला, नळी दुसरीकडे नेली. गवंड्यांनी दोन ठिकाणी भेगेवर आडव्या काचपट्ट्या चिकटवल्या – दोन बोटं रुंद, वीतभर लांब, दोन्ही टोकांना प्लास्टर. एक हॉलमध्ये, जिथे तीच भेग पुढे निघते, एक सासूबाईंच्या उशाशी. शेजारी पेन्सिलीनं आजची तारीख.

"भिंत हलली तर काच तडकेल. काचेला ताण सोसत नाही. दोन महिन्यांनी येऊन बघतो."

जेवताना नवऱ्यानं तोडगा काढला. "पंचवीस एप्रिलपर्यंत दोन्ही काचा शाबूत तर झाड राहणार. एक जरी तडकली तर जाणार. मग कुणी रडायचं नाही. मान्य?"

"मान्य!" – सासूबाई, घास तोंडात असतानाच.

"मान्य." – मी. त्यांच्या डोक्याशी भेग आहे.

१ मार्च

काच शाबूत. दिवसातून नऊ वेळा बघते. तापाच्या पेशंटलासुद्धा इतक्यांदा बघत नाहीत.

६ मार्च

आज म्हटलं, "दोन महिने तुम्ही आमच्या खोलीत झोपा ना. आम्ही इकडे येतो."

"नको. मला खिडकी लागते."

"खिडकीत काय आहे? पाहुणाच तर!"

"मग! लक्ष नको ठेवायला?"

९ मार्च

भांडण. निमित्त क्षुल्लक – पाहुण्याची दोन सुकी पानं त्यांच्या पलंगावर पडली. "भटाला दिली ओसरी! कुंडीत आला आणि घर बळकावून बसला!" मी म्हणाले, "मीही तशीच आले की. मलाही काढा." नाटकी वाक्य, म्हणतानाच लाज वाटली. त्यांनी दार आपटलं. असं आपटलं की हॉलमधलं घड्याळ तिरकं झालं.

घड्याळ सरळ करायला गेले. खाली काचपट्टी.

मधोमध तडा. केसासारखा, पण आरपार!

मी घड्याळ सरळ केलं. पट्टीसमोर खुर्ची ठेवली. खुर्चीवर बसले. नवरा आला तेव्हाही बसलेलीच होते. "इथे का बसलीस?" "अशीच." एकोणीस वर्षांत मी त्या कोपऱ्यात कधी बसले नव्हते.

११ मार्च

काचवाल्याकडे गेले. दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी मागितली. "कशासाठी?" "मत्स्यालयासाठी." "एवढी?" "मासा लहान आहे."

दुपारी सासूबाई झोपल्यावर जुनी काढली, नवी बसवली. प्लास्टर माझ्या कोपरापर्यंत. तारीख २५ फेब्रुवारी – गवंड्यांच्या अक्षरात. त्यांचा पाच डावीकडे झुकतो. तो चार वेळा गिरवला.

वय सेहेचाळीस. व्यवसाय: लोकांना धोक्याच्या सूचना देणे.

१४ मार्च

सासूबाईंनी त्यांच्या काचेवर कॅलेंडर टांगलं. "ती काच बघितली की मला धडधडतं. कुणी हात लावायचा नाही त्याला!" बरं झालं. मलाही बघायची हिंमत नव्हती. शिवाय कवळी चिकटवायची पेस्ट आणायला सांगितलीय. मागच्या आठवड्यात तर आणली होती! खातात की काय?

३० मार्च

फुटपाथ झाला. खडी, वाळू, मग फरशा – मुळांवरून हलक्या उतारानं. पालिकेचा माणूस टेप लावून गेला, मान डोलावून गेला. एक तरी पेपर पास.

गवंडी पाणी प्यायला आत आले. हॉलमधल्या काचेसमोर जरा थांबले. मग सासूबाईंच्या खोलीत गेले, दार आतून बघायचंय म्हणून. मी स्वयंपाकघरात उभी, नळ सोडून. बाहेर आले, चपला घातल्या, गेले.

चोराच्या मनात चांदणं. माझ्या तर भर दुपारी.

१८ एप्रिल

आता काच बघत नाही. सासूबाईंना बघते. दुपारी त्या झोपतात – भिंतीकडे तोंड, तोंड किंचित उघडं, कवळी पेल्यात. उशी भेगेपासून हातभर. आणि मी, एका झाडापायी, भिंत हलतेय की नाही हे कळायच्या दोन सोयींतली एक खोटी करून ठेवलीय, दुसरी कॅलेंडरखाली. घर पडेल असं वाटत नाही. पण 'वाटत नाही' हेच माझ्या पाच फुटांबद्दलही वाटलं होतं!

२४ एप्रिल

ठरवलं. उद्या सांगणार. झाड जाईल. जाऊ दे.

संध्याकाळी खोडाला हात लावून उभी राहिले. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "सॉरी." चीक हाताला लागला. आतापर्यंत तीनदा धुतला, जात नाही.

२५ एप्रिल

गवंडी टेकायच्या आत मी बोलून टाकलं, नवऱ्यासमोर. "हॉलमधली काच माझी आहे. तुमची नऊ मार्चला तडकली."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. गवंडी हसले! "ठाऊक आहे ताई. माझी काच जुन्या खिडकीची, कडेला हिरवी. ही कोरी पांढरी. लोक बदलतातच. घर विकणारे बदलतात, भाडेकरू बदलतात. झाडासाठी बदललेली पहिल्यांदा बघतोय." मग खाली वाकून, भेगेच्या दोन बाजूंना पेन्सिलीची दोन बारीक टिंबं दाखवली. "म्हणून मी हेही करून ठेवतो. सांगत नाही कुणाला."

मोजपट्टी लावली. फेब्रुवारीत जेवढं अंतर, मार्चअखेर तेवढंच, आजही तेवढंच. "भिंत हललेली नाही. पाणी थांबलं, मुळं थांबली. काच फुटली ती दाराच्या दणक्यानं." दार रंधा मारून देतो म्हणाले, आणि वरच्या फांद्या तिसरा हिस्सा उतरवायच्या. बाकी झाड राहू द्या!

मला रडूच आलं. कुणी रडायचं नाही असं ठरलं होतं, पण ते झाड गेलं तर.

मग सासूबाईंच्या खोलीत. तिथलीही टिंबं जागच्या जागी. गवंड्यांनी कॅलेंडर उचललं आणि थबकले. "ही पण माझी नाही. ही तर चांगली तळहाताएवढी रुंद! आणि चिकटवलीय कशानं?" नाक जवळ नेलं. "पुदिन्याचा वास येतोय. ताई, दोन्ही तुम्हीच?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. सासूबाई खिडकीपाशी, आमच्याकडे पाठ. एक पान पुसत होत्या. तेच पान, पुन्हा पुन्हा.

"हो," मी म्हणाले. "दोन्ही मीच."

"कमाल आहे बाई तुझी!" – पाठ न वळवता, सासूबाई.

२६ एप्रिल

त्यांच्या खोलीतलं टेबल पुसायला घेतलं. औषधं, पेला, कवळीची पेस्ट – पिळून पिळून सपाट झालेली. आणि मामंजींचा फोटो, तो छोटा, रोज झोपताना त्या पदरानं पुसतात तो. आज मी पुसायला गेले तर फडकं थेट मामंजींच्या गालाला लागलं.

फ्रेम आहे. फोटो आहे. काच नाही.