हद्दीवरचा पाव्हणा

आये, उद्या तुझ्या नातीची हळद आहे आणि मी फार दमले आहे. हॉल, केटरर, साड्यांचे फॉल, कुणाचं रुसणं, कुणाचं पथ्य, सगळं एकटीच्या अंगावर पडलंय. त्यात देवांना बोलावणं कोण म्हणणार हा प्रश्न उरलाच. तू धवलारीण होतीस. आपल्या आगरी लग्नात भटजीच्या आधी तुझा मान. गाण्यातून एकेका देवाला लग्नाचं आवतण द्यायचीस, आणि तुझा आवाज लागल्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही. ह्या सोसायटीत मी धवलारीण कुठून आणू? पोरगी म्हणते, "मम्मी, टेन्शन नको घेऊ, मोबाइलवर लावू ना आपण." लावावं आणि मोकळं व्हावं, असं मलाही वाटायला लागलंय.

आपलं गाव तळोज्याच्या पल्याड, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या सांध्यावर. विहीर एका जिल्ह्यात, शेत दुसऱ्यात. चोरी झाली की दोन्हीकडचे पोलीस म्हणायचे, हद्द आमची नाही. एवढ्याशा गावाचा इतिहास कोण लिहिणार? जो काही होता तो तुझ्या बोलावण्यात. डोंगराकडचा वाघोबा, कारण तिकडून वाघ उतरायचा. विहिरीवरची बाय, कारण पटकीच्या साथीत तिने गाव राखलं. खाडीकडचा राखणदार चेडा, मिठाच्या होड्या लागायच्या तेव्हापासूनचा. पण ह्या सगळ्यांच्या आधी आवतण जायचं हद्दीवरच्या पाव्हण्याला. त्याला नावच नव्हतं. कधीकाळी शिवेच्या भांडणात शेजारगावचा एक तरणा पोरगा आपल्या माणसांच्या हातून मेला, आणि मग आपल्याच माणसांनी तिथे दगड उभा करून शेंदूर लावला. वैऱ्याला पहिला मान कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. तू सुपातले खडे वेचत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "कोनाचा तरी पोर होता ना. परक्याला आदी बोलवाचा. घरची मानसा बोलावल्याबिगर येतान."

माझं लग्न ठरलं तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि आपल्या शिवेपर्यंत कारखाने येऊन भिडले होते. अजून डोळ्यांपुढे आहे. तू आवतणाचे हळदीचे तांदूळ पदराला बांधून निघतेस, तुझे गुडघे धड नाहीत म्हणून नवरी असूनही मीच सोबत. दगड होता तिथे केमिकल कंपनीची भिंत, हवेत डोळे चुरचुरवणारा वास, आणि गेटवर साताऱ्याकडचा एक वॉचमन. "मावशे, आत सोडाय येत न्हाई. सायब वरडत्यात," तो म्हणतो. "आन दगड कंचा? आत समदं काँक्रीट हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. चल घरी, म्हणून मी तुझा हात ओढतेय आणि तू जागची हलत नाहीस. मग तुझा चेहरा पडला आणि मी घाबरले, कारण पाव्हण्याला आवतण गेल्याशिवाय तू माझी हळद लावू दिली नसतीस. तू भिंतीकडे पाहिलंस, नंतर त्याच्याकडे.

"हितं कोन हाय रं तुजा?"

"कोन न्हाई बगा."

तू पदराची गाठ सोडलीस आणि तांदूळ त्याच्या तळहातावर ठेवलेस. "मंग तूच ये. परका हायेस, हद्दीव उभा हायेस. आजून काय पायजे?"

तो आला. ड्यूटीवरून थेट, युनिफॉर्मवरच. भाऊबंदांनी नाकं मुरडली, तरी हळदीच्या मटणाचं पहिलं ताट तू त्याच्यापुढे ठेवलंस आणि तो उठेपर्यंत समोर बसून राहिलीस. त्याच्या घरी कोण कोण आहे ते तू विचारत होतीस. मला तेव्हा तुझा राग आला होता.

आज तो राग नाही, वेगळाच आहे. मलाही बोलावणं शिकव म्हटलं तर तू म्हणालीस, "तू जानार सासरी. तुजी शीव वेगली." आये, माझी शीव कुठली ते मला अजून कळलेलं नाही. बोनकोड्याला सून म्हणून आले, तिथून कोपरखैरण्याच्या ह्या फ्लॅटमध्ये. इथे शीव म्हणजे कंपाउंडची भिंत आणि पार्किंगवरून भांडणं. परका शोधायला मात्र हिंडावं लागत नाही, चार विंगांत सगळे एकमेकांना परकेच. कुणाकुणाला आधी बोलावू? तू असतीस तर गेटवर जाऊन निकाल लावला असतास. माझ्यात तेवढा जीव उरलेला नाही.

तरी उद्या मीच म्हणणार आहे. आवाज बसलाय, चाल अर्धी विसरलेय, पोरीच्या मैत्रिणी हसतील. हसू देत. गाव आता आपलं राहिलं नाही, पण वाघोबा, बाय आणि चेडा ओळीने आठवतात, तेवढ्यावर भागवीन. हा कागद कुठे पाठवायचा ते काही मला ठाऊक नाही, तो कपाटातल्या साड्यांखालीच राहील. तुला आवतण द्यायचं नाही असंच ठरवलं होतं, घरची माणसं बोलावल्याशिवाय येतात हा तुझाच नियम. पण इतक्या वर्षांनी तू घरची उरलीस की परकी झालीस, ते मला कळेना. म्हणून मघाशी तांदळाला हळद लावली, तेव्हा पहिली चिमूट तुझ्यासाठी काढून ठेवली.