डिसेंबरचा पहिला शनिवार

१० जानेवारी
आपल्या अलाबामातल्या टॅलो क्रीक कॉलेजच्या फुटबॉल टीमला नवा कोच मिळाला. ब्रॅनक. पत्रकार परिषदेत दर दुसऱ्या वाक्यात 'कुटुंब' म्हणाला. हा माणूस इतिहास घडवणार. घरातली पहिली पदवीधर मी, तीही याच कॉलेजची. तेव्हा मत देण्याची जबाबदारी माझीच. डॅडी म्हणाले, मागचा कोच आला तेव्हाही तुझं तोंड असंच उजळलं होतं.

२१ फेब्रुवारी
चर्चच्या अंगणात कोचचं स्वागत. उकडलेल्या शेंगा दिल्या, त्यानं टरफलासकट खाल्ल्या. इथे दक्षिणेत पोरंसुद्धा सोलून खातात. डॅडी पुटपुटले, "संपलं. उत्तरेचं पार्सल आहे हे." मी समजावलं, चौकटी मोडणारी माणसं अशीच असतात. थॅड माझ्याकडे एकटक बघत होता. आमचं लग्न ठरलंय. कौतुकानं बघत असावा.

१५ एप्रिल
लग्नाची तारीख. सीझनमध्ये शनिवारी, म्हणजे सामन्याच्या दिवशी, अलाबामात कोण लग्न करतं? नवरदेवसुद्धा यायचा नाही. डिसेंबरचा पहिला शनिवार चर्चमध्ये रिकामा आहे, तोवर आपले सामने संपलेले. थॅड खूश. मी ठाम नकार दिला. त्या दिवशी अटलांटात फायनल आहे, आणि आपण त्यात असणार.
ममा म्हणाली, "अगं बाई, गेल्या वर्षी दोन सामने जिंकलो. त्यातला एक समोरच्यांची बस बंद पडली म्हणून!"
थॅडनं विचारलं, "लग्न माझ्याशीच आहे ना?"
शेवटी सगळ्यांना पटलं. मंगळवार, ८ डिसेंबर.

५ सप्टेंबर
हरलो. पाया घातला जातोय.

१७ ऑक्टोबर
हरलो. पाया खोल आहे.
पाद्री हॅसकेल म्हणाले, तो शनिवार अजून रिकामा आहे, तारीख बदलायची का? मी म्हटलं, माणसाचा विश्वास हवा. "विश्वासाचं मला नको सांगूस, पोरी. त्यावरच माझं पोट आहे. मी गुणतक्त्याचं बोलतोय."

३१ ऑक्टोबर
जिंकलो!! गणित मांडलं. आपण उरलेले सगळे सामने जिंकले आणि वरच्या नऊ टीम हरत राहिल्या, की अटलांटा. त्यातल्या काही एकमेकींशीच खेळणार आहेत, म्हणजे अर्धं काम झालंच.
तो शनिवार शेजारच्या मिरँडानं घेतला. लग्नाला कुत्रं येणार नाही बिचारीच्या.

२९ नोव्हेंबर
कोचला काढलं. आता कुटुंबाला वेळ देणार म्हणतो.

५ डिसेंबर
मिरँडाच्या लग्नाला अख्खं गाव. थॅडनं केक दोनदा घेतला.

८ डिसेंबर, रात्री
दुपारी दोनचं लग्न. मंगळवार, त्यामुळे मोजकीच माणसं. पावणेदोनला सगळ्यांचे फोन वाजले: टेनेसीहून एक खासगी विमान आपल्या धावपट्टीकडे निघालंय. कॉलेजवाले कोचला असंच आणतात, नवा कोचच असणार! चर्च रिकामं झालं. पाद्री म्हणाले, पाच मिनिटांत आलोच.
मी जाणार नव्हते. पण कुणीतरी जाणतं माणूस तिथे हवं. कुंपणाशी सर्वांत पुढे उभी राहिले. झग्याचा घोळ गाडीच्या दारात अडकून फाटला.
विमानातून एक दंतवैद्य उतरला.
परत आलो तर थॅड पहिल्या बाकावर एकटाच. कोट काढून शेजारी ठेवलेला. "कोण होतं?" मी सांगितलं. त्यानं कोट उचलला, घालावा की नको असा धरून ठेवला, मग घातला.
चार वाजता लग्न लागलं. पाद्रींनी विचारल्यावर 'हो' म्हणायला त्यानं बराच वेळ घेतला. भावना अनावर झाल्या असतील.