शालूबाईची भाकरी

कागल, मार्गशीर्ष शु. ५, शके १८३५

चि. गं. भा. चिमणाबाई हिस आत्ती धोंडुबाईचे अ. उ. आशीर्वाद वि. वि.

इकडं समदी बरी हायेत. म्हैस व्याली. तुझं पत्र वाचलं आन डोकं फिरलं. पांढऱ्या कपाळाची पोर महाराजांच्या राज्यात नर्सची परीक्षा पास झाली म्हणून मी गल्लीभर साखर वाटली, आन तू दवाखान्यात आयेच्या कामाला लागलीस व्हय? मुताची भांडी धुवायला शिकावं लागतं? ती मी बी धुतली असती की! तुझा बा म्हणतो, घरी आणा. त्याला मी गप बसवलाय. जेवत जा. माया पातळ करू नको.

तुझी आत्ती

कोल्हापूर, ता. ११ डिसेंबर १९१३

ती. आत्तींच्या चरणी चिमणीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही भांडी धुतली असती, पण पहिल्याच दिवशी मोठ्या नर्सबाईंनाही धुतलं असतं. नव्याने पास झालेल्या आम्ही तिघीही आयाच आहोत. तक्रार आली नाही, तर जागा निघताच आम्हाला नर्स करतील.

इथे शालूबाई म्हणून एक रोगी आहे, आपल्याच जातीची. गुऱ्हाळावर नवऱ्याने तिच्या खांद्यात कोयता घातला. हाड दिसत होतं. पोलिसाला सांगते, पाय घसरून पडले. इथे रोगी जात सांभाळायला घरचीच भाकरी खातात, आणि भाकरी आणणाऱ्याला आयेने आत सोडायचं. तिच्या घरचं माणूस तोच. उशाशी बसतो आणि चादरीखाली तिची बोटं उलटी वाकवतो. काल एक मोडलं. नर्सबाई म्हणाल्या, आयेने रोग्याच्या संसारात पडू नये. टाके काढले की त्याच्याच हवाली करणार. मी दार अडवलं तर तक्रार होईल. काय करू? कृपा असू द्यावी.

आपली चिमणी

कागल, मार्गशीर्ष व. १

चि. चिमणीस आशीर्वाद.

इचारतीस काय? जात आपलीच हाय. तू भाकरी थाप, तुझ्या हातची खाऊ दे तिला. मग त्याचं आत काय काम? दारात आडवी हो. नर्सची जागा गेली तर गेली. न्हाय अडवलंस तर त्या बाईचं मडं तुलाच धुवावं लागंल. शेंगांची चटणी धाडलीय, दोघी खावा.

तुझी आत्ती

कोल्हापूर, ता. १८ डिसेंबर

ती. आत्तींस शि. सा. न. वि. वि.

शालूबाईने माझी भाकरी खाल्ली. संध्याकाळी मी त्याला सांगितलं, तिचं जेवण झालंय, तुम्ही जावा. त्याने केस धरून माझं डोकं चौकटीवर आपटलं, भुवई फाटली. मग आत जाऊन जखमी हाताला धरून तिला खाटेवरून ओढली. टाके तुटले, फरशी लाल झाली. माझ्या हातात लोखंडी बादली होती, ती त्याच्या तोंडावर घातली. त्याचे दोन दात पडले. ते मीच झाडून काढले, आया ना मी!

तक्रार त्यानेच केली. नर्सच्या जागेवरून माझं नाव कटाप झालं. शालूबाई अजून म्हणते, घसरून पडले. टाके पुन्हा घातलेत, तरी तंटा नको म्हणून सोमवारीच तिला त्याच्या हवाली करतील. रविवारी गाडी मागच्या दाराला आणा. लोभ आहेच, धीर द्या.

चिमणी

कागल, मार्गशीर्ष व. ११

चि. चिमणीस आशीर्वाद वि. वि.

गाडीत बसवून दिलीस ती शालूबाई सुखरूप पोचली. पण आज तिचा नवरा माग काढत आला, कोयता घेऊनच. मी मिरची कांडत होते. त्यानं वार केला, माझा कान अर्धा गेला. मी मुसळ त्याच्या मनगटावर घातलं, हाड भाईर आलं. आईच्या नावानं वरडाय लागला. गाव जमलं. एक शहाणा म्हणाला, नवऱ्याची बायको हाय, देऊन टाका. तवर शालूबाई आपसूक भाईर आली. पाटलापुढं सांगितलं, कोयता ह्यानंच घातला, बोट ह्यानंच मोडलं, पोटातलं पोर लाथंनं ह्यानंच पाडलं. मग तिनं माझ्याकडं मुसळ मागितलं. मी दिलं.

एका हातानं मारत होती, तरी मुसळ सोडवून घ्यायला तीन गडी लागले. त्याला पाटलानं चावडीत टाकलाय, जित्ता हाय. हिचा खांदा उलला, रगत थांबत न्हाय. तू लगोलग निघून ये. हितं तुला आया म्हणणारं कोण न्हाय. मायेचं काय लिहू, गाडी धाडलीय.

तुझी आत्ती धोंडुबाई