पाहुणे उपाशी आणायचे होते

तीर्थस्वरूप मामाजी यांच्या पायांवर धनेंद्रचं डोकं. (दुखरा गुडघा सोडून दुसऱ्या पायावर आहे असं समजा.) गुडघा आता कसा आहे? माय म्हणते करंजीचं तेल कोमट करून लावा आणि थंडीत माडीवर चढू नका. मामीजींनाही माझा नमस्कार सांगा, पण हे पत्र दाखवू नका.

पत्र लिहायचं टाळून राहिलो होतो, हे आधीच कबूल करतो. कागद घेऊन बसलो का बाहेरून कोणी हाक मारते, नाहीतर पेन चालत नाही, नाहीतर मी स्वतःच कुठंतरी निघून जातो. एकदा तर "मामाजी" एवढं लिहिलं आणि नवीन पेन घ्यायला आपल्या गोरेगावच्या बाजारात गेलो. तिथं एक माणूस बिनचाव्यांची कुलुपं विकायला बसला होता. बाजूला पोतंभर चाव्या. ज्याला जी लागली ती त्याची. त्याच्याजवळ बाजार उठेपर्यंत बसलो, दोन कुलुपं उघडूनही दिली, आणि पेन न घेताच घरी आलो. फोन काऊन नाही केला, असं तुम्ही विचाराल. मामाजी, तुमचा फोन स्पीकरवर राहते. त्यात मी बोलतो ते मामीजी ऐकतात, आणि मामीजींनी ऐकलेलं संध्याकाळपर्यंत तुमसरच्या भाजीबाजारात भाजीसोबत तोलून मिळते.

खरं कारण म्हणजे भीती. आपल्या रुचिचं लग्न तुमच्या गल्लीतल्या टेंभऱ्यांकडे जमता जमता राहिलं, ते माझ्यामुळे. घरात हे कोणालाच माहीत नाही. बाबूजी समजतात टेंभऱ्यांना आपली मुलगी पसंत पडली नाही. टेंभरे काय समजतात ते देव जाणे. आणि रुचि काय समजते ते ती सांगत नाही. नुसती घासलेली भांडी परत घासते.

आपल्याकडची रीत तुम्हाला सांगणं म्हणजे माशाला पोहणं शिकवणं, पण मी ती स्वतःलाच सांगून राहिलो, कारण त्या दिवशी नेमकी विसरलो होतो. मुलगी पाहायला आलेले पाहुणे तोंडानं "नाही" म्हणत नाहीत. चहा घेतात, मुलगी पाहतात. मग घरवाला म्हणते, चला, ताटं वाढली. उठून पाटावर बसले तर समजायचं, पसंत. "गाडीचा टाइम झाला जी" म्हणाले तर समजायचं, दुसरं घर पाहा. म्हणूनच बाबूजींनी मला सकाळी दाराशी उभं करून सांगितलं होतं, "धन्या, टेसनावरून थेट घरी आणजो. रस्त्यात कुठंच थांबू नोको. पाण्यालेही इचारू नोको." मी म्हटलं, होय जी. ते म्हणाले, "होय जी नोको म्हणू, ध्यानात ठेव."

गाडी माझ्या मित्राची होती, उमेंद्रची. (त्याची राइस मिल आहे. मागच्या सीटवर कायम कोंडा राहते, पण मी तो झाडला होता.) गोंदियाला गेलो तर आगगाडी वेळेवर आली. मामाजी, यात माझी काय चूक? मी तर ती उशिरा येईल या हिशोबानं निघालो होतो. उतरले तिघं. मुलाचे वडील भैय्यालालजी, पांढरा सदरा, तोंडात मोजून शब्द. त्यांचे भाटवे, बहिणीचे मालक, म्हणजे मुलाचे फूफाजी, चुन्नीलालजी, ज्यांना शुगर आहे. आणि स्वतः मुलगा चंद्रकुमार, जो वायरमन आहे आणि ज्याला त्याच्या फूफूबाईंनी, म्हणजे आत्यानं, मुलगी पाहायला कमी आणि फूफाजींच्या तोंडावर नजर ठेवायला जास्त पाठवलं होतं.

तेवढ्यात बाबूजींचा फोन. आवाज दबका. सिलिंडर संपला, कढईतले उडदाचे बडे अर्धे कच्चे, खीर चुलीवर हलवली, शेजाऱ्याचा सिलिंडर आणून राहिलो, अर्धाएक घंटा पाहुणे तिकडंच थांबव, पण टेसनावरच. आता तुम्हीच सांगा, होणाऱ्या व्याह्यांना प्लॅटफॉर्मच्या बाकड्यावर शेंगदाण्याच्या टरफलांत बसवायचं? मला ते शोभलं नाही. आणि समोरच्या खांबावरच बॅनर होता: "घर-संसार महाप्रदर्शनी. प्रवेश मोफत." मी म्हटलं, नुसतं फिरवून आणतो. फिरल्यानं भूक वाढते. (हा विचार माझा होता, आणि तो चांगला होता. पुढं जे झालं ते विचाराच्या बाहेरचं आहे.)

मामाजी, ती प्रदर्शनी तुम्ही पाहायला पाहिजे होती. मैदानावर अख्खं घर उभं केलेलं. छत नाही, पुढची भिंत नाही, पण सोफा, पलंग, ओटा, सगळं जागच्या जागी. लोक चपला काढून घरात फिरून राहिले आणि अनोळखी पलंगावर बसून फोटो काढून राहिले. फूफाजींनी फ्रिज उघडला तर आत प्लास्टिकची सफरचंदं. एक दाबून पाहिलं आणि फ्रिज असा बंद केला जसा घरवाल्यानं त्यांचा अपमान केला. चंद्रकुमार भिंतीजवळ वाकून मला हळूच म्हणाला, "भाऊ, या बोर्डाच्या मागं वायरच नाही." बरा वाटला मला मुलगा. दुसरे लोक पडद्याचे रंग पाहत होते, हा मागं काय आहे ते पाहत होता. मी तेव्हाच मनात म्हटलं, रुचिला हाच पाहिजे. हे मनात म्हटलं नसतं तर आज एवढा जीव जळला नसता.

घात केला तो बिनधुराच्या शेगडीवाल्यानं. शेगडी कशी तापते ते दाखवायला तो जिलेबी तळत होता आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटत होता. "अंकल, टेस्ट तो करो! ना आग, ना धुआँ!" फूफाजी म्हणाले, "आग नाही, धूर नाही, मंग साखरबी नसनच," आणि चंद्रकुमारचा हात पोचायच्या आत जिलेबी गेली. मग दुसरी. मग त्यांनी आम्हा तिघांच्याही हातात दिली आणि म्हणाले, आता तुम्हीबी खाल्ली, आता कोणी कोणाचं सांगायचं नाही. शपथ घ्या. भैय्यालालजी म्हणाले, भाटवे, हे काय पोरपण. फूफाजी म्हणाले, घ्या म्हणतो ना. सगळ्यांनी गळ्याला हात लावला. मीही लावला. शपथेचं असं असते मामाजी, लावताना गळा मोकळा राहते.

एकदा जिलेबी झाली का तिखट पाहिजे, हा निसर्गनियम आहे. बाजूलाच खाण्याच्या दुकानांची ओळ. आलूबोंडा घेतला. तो कोरडा लागला म्हणून त्यावर तर्री. तर्रीनं तोंड पोळलं म्हणून डोसा. (डोसा थंड राहते असं फूफाजींचं मत आहे.) मी मधे मधे म्हणत होतो, घरी वाट पाहून राहिले जी. पण "घरी जेवायचं आहे, पोट रिकामं ठेवा" हे कोणत्या तोंडानं म्हणू? तसं म्हणणं म्हणजे "आमची मुलगी पसंत करा" असं भर मैदानात ओरडणं. चंद्रकुमारच्या ते ध्यानात आलं असावं, कारण त्यानं अर्धा डोसा माझ्या पत्रावळीत सरकवला. तोही मीच खाल्ला.

आणि मग गुपचुप (पाणीपुरी) खाण्याची स्पर्धा. मला वाटलं फूफाजींना आवरायला चार माणसं लागतील. पण मंडपात शिरले कोण? भैय्यालालजी! सदऱ्याच्या बाह्या वर करून. जो माणूस स्टेशनपासून चार वाक्यं बोलला नव्हता, तो गुपचुपमागून गुपचुप असा गिळून राहिला जसं भातगिरणीत धान पडते. लोक टाळ्या वाजवत होते, माइकवाला "दादाजी, दादाजी" करत होता, माझ्या खिशात फोन वाजत होता, आणि भैय्यालालजी जिंकले. बक्षीस लाल प्लास्टिकचा स्टूल. गाडीत तो मांडीवर घेऊन बसले, कोंडा लागू नये म्हणून.

घरी पोचलो. पाय धुवायला पाणी दिलं. मायनं पाहिलं, व्याही हातात स्टूल घेऊन येऊन राहिले. तिला वाटलं त्यांच्याकडची काही रीत असेल. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, डोक्याला लावला आणि देवाजवळ नेऊन ठेवला. भैय्यालालजींचं तोंड उघडलं आणि मिटलं. सांगतील काय? शपथ.

रुचि चहा घेऊन आली. चंद्रकुमारनं विचारलं, शिकवणीला किती पोरं येतात? ती म्हणाली, "येतात पंधरा, शिकतात चार." तो हसला. ती हसली नाही, पण तिनं त्याच्याच कपात चहा परत ओतला, आणि मामाजी, आमची रुचि कोणाला दुसऱ्यांदा चहा विचारत नाही. मी दाराच्या कोपऱ्यात उभा राहून घाम पुसून राहिलो होतो. मला माहीत होतं आता काय येणार.

बाबूजी उठले, हात जोडले. "चला जी, ताटं वाढली."

कोणी हललं नाही. आतून बड्यांचा वास, खिरीचा वास, कोचईच्या (अळूच्या) पानाच्या वड्या तर माय पहाटे उठून करत होती. फूफाजींना ढेकर आला, तो त्यांनी खोकल्यात लपवला. भैय्यालालजी माझ्याकडे पाहून राहिले. मी जमिनीकडे. चंद्रकुमार उठायला गेला, खरंच उठला होता, पण वडील बसलेले पाहून पोरगा पाटावर कसा जाईल? शेवटी भैय्यालालजी म्हणाले, "आता... गाडीचा टाइम झाला जी."

बाबूजींचे हात जोडलेले तसेच राहिले. माय दारात पळी घेऊन उभी. रुचि आत गेली आणि वड्या ताटातून काढून परत डब्यात ठेवू लागली, एकेक, न तोडता. तो डब्याचा आवाज मला अजून ऐकू येते.

आणि जाताना भैय्यालालजींनी देवाजवळचा स्टूल उचलला. बक्षीस होतं ना त्यांचं! पण घरच्यांना काय माहीत? गाडी वळली तशी माय मटकन बसली. "मुलगी नाही त नाही, देल्लेली वस्तूबी वापस नेली वो माय!"

त्यांना स्टेशनवर सोडलं तेव्हा चंद्रकुमार मागं राहून म्हणाला, "भाऊ, खरं सांगून देऊ का तुमच्या घरी?" आणि फूफाजींनी गळ्याला हात लावून दाखवला. मी दुसऱ्याच दिवशी चोरखमाऱ्याला निघून गेलो, तलावाचं पाणी पाहत बसलो. पाण्यात बदकं होती. सुखी होती. त्यांच्यात कोणी कोणाला जेवायला विचारत नाही.

आता पेच असा आहे का बाबूजी रागात आहेत. गोरेगावकडचं एक स्थळ आलं आहे, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा, वयानं मोठा, आणि रविवारी ते लोक येऊन राहिले. बाबूजी म्हणतात, हे ताटावर बसले का तिथंच सुपारी फोडतो, टेंभऱ्यांना दाखवून देतो. रुचिला विचारलं तर म्हणते, "मले कायले इचारता? ताटाले इचारा."

बाकी इकडे सगळं क्षेम आहे. धानाची मळणी झाली. माय-बाबूजींचा राम राम. तुमच्या गुडघ्याची आणि माझ्या गळ्याची काळजी घ्या.

तुमचा भाचा, ज्याच्या हाती पाहुणे देऊ नयेत तो,
धनेंद्र

ता. क. मामाजी, वरचं सगळं लिहिलं ते यासाठी. तुम्ही बाबूजींना असं सांगा का पाहुण्यांना प्रदर्शनीत नेऊन खाऊ-पिऊ घालायचं तुम्हीच मला फोनवर सांगितलं होतं. तुमच्यावर ते रागावू शकत नाहीत, मायचे भाऊ आहात. फक्त रविवारच्या आत सांगा. वाटलं तर गुपचुप माझ्यावर ढकला, आलूबोंडा तुमच्यावर घ्या.

दुसरा ता. क. फूफाजींची जिलेबी मात्र कोणाला सांगू नका. मी शपथ घेतली आहे. (तुम्हाला लिहून सांगितलं, तोंडानं नाही सांगितलं, म्हणून ते धरत नाहीत.)

तिसरा ता. क. थांबा. पाकीट चिकटवतच होतो तर दाराशी मोटारसायकल थांबली. चंद्रकुमार आहे! एकटाच. सोबत वडील नाही, फूफाजी नाही, कोणी नाही. असा मुलगा एकटा मुलीच्या घरी आलेला आपल्या गावानं पाहिला नाही, समोरची गीताबाई तर बाहेरच येऊन उभी राहिली. बाबूजी ओसरीवर उठून उभे. राम राम नाही, बस नाही, काही नाही. तो गाडीला टेकून हेल्मेट काढून राहिला, ओठ सुकलेले. म्हणते, "बाबूजी, काल रातपासून काही खाल्लं नाही जी. मुद्दाम. भात असंन त वाढा."

मी पेन हातात घेऊन खिडकीत उभा आहो.

आतून रुचि म्हणाली, "भात हाय. पण शिळा हाय."

तो म्हणाला, "चालते."

मामाजी, बाबूजी स्वतः पाट आणायला आत गेले. मी चाललो वाढायला.