काळ्या दगडावरचं पाणी

आप्पा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही उतरलेला नाही. मेलेल्या बापाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पालममध्ये तुमच्याबद्दल अजूनही कोणी वाईट बोलत नाही. पाणाड्या असावा तर असा, म्हणतात. तळहातावर नारळ ठेवून तुम्ही रानात फिरायचात, नारळ उभा राहिला की तिथं बोअर पाडायचा. पाणी लागलं की टोपी-टावेल तुम्हाला, नाही लागलं की चूक दुसऱ्या कुणाची तरी. राणीसावरगावच्या त्या रानात ती माझी ठरली. मी तेरा वर्षांची, तुमचा डबा घेऊन आलेली. बोअरमधून नुसता पांढरा फुफाटा उडत होता आणि दहा-बारा माणसांसमोर माझ्याकडे बोट करून तुम्ही म्हणालात, "इटाळशी पोरगी शिवारात आली, पाणी पळालं." मालक खाली बघायला लागला. मी डबा बांधावर ठेवला आणि एकटी एसटीनं घरी आले. मला तोवर न्हाणही आलं नव्हतं, आप्पा. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, तुम्हालाही.

पुढे मी पाण्याचंच काम धरलं ते तुमच्या नाकावर टिच्चून. परभणीत लोकांच्या बंगल्यांपुढे कारंजी बसवते. सिंहाच्या तोंडातून पाणी, हंसांची जोडी, असलं काही मी करत नाही. मला एक काळा दगड पुरतो, मधून आरपार भोक पाडलेला. खाली खड्डा, खड्ड्यात जाड प्लास्टिकचा कागद आणि पाण्यात बुडवलेली छोटी मोटर. पाणी दगडाच्या डोक्यावर येतं, त्याच्या अंगावरून ओघळतं, भोवतीच्या गोट्यांत शिरून परत खड्ड्यात जातं. तेच पाणी फिरत राहतं. आपल्याकडच्या उन्हात उंच फवारा उडवला तर निम्मं पाणी वाराच पिऊन टाकतो, म्हणून मी ते बुटकंच ठेवते, बसायच्या ओट्याजवळ, आवाज कानावर येईल असं. झाडाखाली तर कधीच नाही. पाला मोटरीत अडकतो. हे मला कुणी शिकवलं नाही. तुम्ही तर नाहीच. तुम्ही त्याला चोचले म्हणायचात.

माझं पहिलं कारंजं एका डॉक्टरीणबाईंच्या बागेत होतं. ते सुरू केलं त्या दिवशी तुम्ही न बोलावता आलात. बाई आत चहा सांगून बाहेर येत होत्या, आणि तुम्ही उकिडवे बसून, गोटे बाजूला सारून कोपरापर्यंत हात घातलेला. "पाणी कमी व्हायलंय," तुम्ही म्हणालात. "खाली कुठंतरी मुरायलंय बघ." मी इतकी वर्षं त्याचीच वाट बघत असल्यासारखी तुटून पडले. "आप्पा, हे नारळाचं काम न्हाई. तुमाला यातलं काय कळतंय? जावा तुमी." बाई हसल्या. तुम्ही हात धोतराला पुसलात आणि चहा न घेता स्टँडकडे चालू लागलात. तुमची पाठ दिसली आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, लय आनंद झाला.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. पुढचं तुम्हाला कळावं अशी माझी इच्छा नाही. तिसऱ्या दिवशी खड्डा कोरडा पडला, मोटर जळली. मी सगळे गोटे उपसले, तर तळाच्या कागदाला वीतभर चीर. खालची टोकदार खडी वेचून न काढताच मी तो अंथरला होता, आणि ती खडी अजून तिथंच वर आलेली दिसत होती. मागे उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, हे कसं झालं. मी खडीवर माती लोटली आणि म्हणाले, "परवा म्हाताऱ्यानं हात घातला ना, तेव्हाच फाटलं." बाईंना ते लगेच पटलं.