गुलाबावरची फवारणी

अहो,

मी निमगावला आईकडं चाललेय. भाकरी टोपल्यात हायत, आमटी तेवढी गरम करून घ्या.

माझे इंग्लिश गुलाब सगळे गेले. पानं पिळवटली, कळ्या जागेवर करपल्या. ज्यांचा वास पार रस्त्यापर्यंत जायचा, त्यांच्यावर तुमी उसाच्या तणनाशकाचा पंप न धुताच चालवलात. वर मला सांगता, मावा पडला म्हणून निंबोळी अर्क मारला, पंप धुवायचं ध्यानात राहिलं न्हाय!

ती झाडं उपटायची न्हाईत. येता-जाता तुमाला दिसली पायजेत. फोन करू नका. करायचाच असला तर एवढंच सांगा: ध्यानात न्हवतं, तर फवारायच्या आधी तुमच्या आईच्या तुळशीवर पोतं कशाला झाकलंत?

राजेश्वरी